आठ ओहमचे सहाच भरले

मुंबईच्या उपनगरांत स्पीकर ऐकून घेत नाहीत, उचलून घेतात. मंडळाचा खजिनदार पुढे होतो, दोन्ही हातांनी स्पीकर काउंटरवरून चार बोटं वर उचलतो, डोळे अर्धवट मिटतो आणि "वजन आहे" एवढं म्हणून खाली ठेवतो. मग अध्यक्ष उचलतात. मग ज्याला फक्त हमाली वाचावी म्हणून सोबत आणलेलं असतं तो कार्यकर्ता उचलतो. तिघांचं एकमत झालं की भावाची बोलणी सुरू होतात. स्पीकर वाजवून बघायची कल्पना कुणी काढलीच, तर दुकानदार खिशातून पेन्सिल सेल काढतो, दोन टोकांना टेकवतो, कोन 'टक्' करून पुढे येतो आणि सगळे माना डोलावतात. त्या 'टक्'मधून एवढंच कळतं की कॉइल शाबूत आहे आणि प्लसच्या जागी प्लस आहे. पण माना अशा डोलतात की जणू आत्ताच कुणी समेवर आलं.

ही खरेदी होते लॅमिंग्टन रोडवर. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने पत्ता विचारला तर दुकानदार तुम्हाला गिऱ्हाईक न समजता महापालिकेचा माणूस समजेल. बोरिवली-अंधेरीकर ग्रँट रोडला थेट उतरतात. मुलुंड-घाटकोपरवाल्यांना दादरला गाडी बदलावी लागते आणि परतीला अठरा इंची बेस घेऊन दादरचा पूल चढावा लागतो. एवढं करून आणलेला स्पीकर वाईट आहे असं घरी येऊन कोण म्हणेल?

वजनाची परीक्षा अगदीच वेडगळ आहे असं मात्र नाही. स्पीकरच्या पाठीला जे मॅग्नेट असतं ते त्याच्या मोटरचा निम्मा भाग. स्पीकरलाही मोटर असते, हे आमच्या सोसायटीत सांगितलं तेव्हा सेक्रेटरींनी घाईघाईने विचारलं, "म्हणजे तिचंही वार्षिक कंत्राट द्यावं लागेल का?" नाही द्यावं लागत. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये एक अरुंद फट असते, तिच्यात तांब्याच्या बारीक तारेची कॉइल अधांतरी उभी असते, कॉइलला कोन चिकटवलेला असतो. तारेतून वीज गेली की चुंबक तिला पुढे-मागे ढकलतो, कोन हवा हलवतो आणि तीन गल्ल्यांपलीकडच्या माणसाची झोप जाते. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन इंजिनिअरांनी १९२५ साली ही रचना नीट मांडली. शंभर वर्षं झाली, मूळ रचना तीच आहे. फक्त झोप जाणाऱ्यांची संख्या वाढली.

मोटरची ताकद दोन गोष्टींवर ठरते. फटीतलं चुंबकीय क्षेत्र किती दाट, आणि त्या क्षेत्रात तार किती मीटर. दोन्हींचा गुणाकार म्हणजे 'बीएल'. आता यात वजन कुठे आलं? फेराइट चुंबकांच्या काळात थोडंफार आलं, कारण फेराइट जड आणि मोठं क्षेत्र हवं तर मोठा तुकडा लागायचा. पण त्या तुकड्याचं क्षेत्र फटीत पोचतंय की वाटेतच सांडतंय, हे उचलून कळत नाही. फट जरा रुंद झाली की ताकद गेली, वजन तेवढंच. शिवाय मॅग्नेटवर काळी रबरी टोपी असते, आणि टोपी नेहमी आतल्या मॅग्नेटच्या मापाचीच असते असं समजणं हा भाबडेपणा आहे.

खरी पंचाईत निओडिमियमने केली. १९८०च्या दशकात हे चुंबक आलं आणि मुठीएवढ्या तुकड्यात थाळीएवढ्या फेराइटचं काम करू लागलं. महागडा निओडिमियमचा स्पीकर आमच्या खजिनदारांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो उचलला, पुन्हा उचलला, आणि दुकानदाराकडे असं बघितलं, जणू त्याने मुलगी दाखवताना धाकटी दाखवली. "हलका आहे हो. पैसे जास्त आणि माल कमी?" दुकानदारही अनुभवी. म्हणाला, "शेठ, मग हा घ्या," आणि जुनाच फेराइटवाला पुढे सरकवला. तो उचलताना खजिनदारांच्या तोंडून जे 'हूं' निघालं, त्यातच व्यवहार ठरला.

मी मध्ये तोंड घालून विचारलं, "याचा बीएल किती?"

"बिल? बिल हवं तर अठरा टक्के वर लागतील."

मी गप्प बसलो. खजिनदारांनी माझ्याकडे बघून डोळे वटारले. बिलाचा विषय काढणारा माणूस मंडळात कुणालाच आवडत नाही.

एकट्या बीएलवरही भागत नाही, हे त्या गोंधळात सांगायचं राहिलं. समजा, एका स्पीकरचा बीएल ११ आणि कॉइलचा रोध साडेपाच ओहम. दुसऱ्याचा बीएल साडेपंधरा, रोध ११ ओहम. कागदावर दुसरा पैलवान दिसतो. पण खरी तुलना करायची तर बीएलचा वर्ग करून त्याला रोधाने भागायचं. पहिल्याचे येतात २२, दुसऱ्याचे पावणेबावीसच्या जरा वर. म्हणजे मोटर एकच, एकीत तार जाड आणि आखूड, दुसरीत बारीक आणि लांब. साडेपंधराचा तोरा भागाकारापुरताच टिकतो.

रोधावरून आठवलं. प्रत्येक सोसायटीत एक तरी निवृत्त गृहस्थ असतात ज्यांच्याकडे मल्टिमीटर असतो. आमच्याकडेही आहेत. नवा आठ ओहमचा स्पीकर गेटवर उतरला तसे ते खाली आले, दोन्ही पिना लावल्या आणि जाहीर केलं, "पाच पूर्णांक आठ! आठ सांगून सहासुद्धा धड भरलेले नाहीत. सव्वादोन ओहम कापले लेकाच्याने!" गर्दी जमली. लगेच दुकानदाराला फोन, ग्राहक मंचाची भाषा. वस्तुस्थिती अशी की आठ ओहमच्या स्पीकरची कॉइल मल्टिमीटरवर साडेपाच-सहाच दाखवते. आठ हा आकडा गाण्याच्या बदलत्या विजेसाठीचा नाममात्र रोध, मल्टिमीटर मोजतो तो स्थिर विजेचा. हे मी सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही दुकानदाराची बाजू घेऊ नका." फसवले जाण्याची तयारी करूनच जो मापायला बसतो, त्याला माप बरोबर निघालं तर हळहळ वाटते.

वॉटचा प्रकार तर न्यारा. नव्वदच्या दशकात घरोघरी कॉम्प्युटर आला, त्याच्यासोबत दोन प्लॅस्टिकचे स्पीकर आले आणि त्यांच्या खोक्यावर '८०० वॉट पीएमपीओ' असं छापलेलं असे. त्याच खोक्यातल्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर. गुणाकार करा, साडेचार वॉट होतात. भिंतीतून साडेचार येतात आणि स्पीकरमधून आठशे निघतात, असं यंत्र खरं असतं तर टाटा पॉवरला कुलूप लावावं लागलं असतं. पण अंधेरीत ज्याने सुपर बिल्टअप एक हजार स्क्वेअर फुटांचे पैसे मोजून आत सहाशेची कार्पेट अंथरली आहे, त्याला पीएमपीओ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पीएमपीओ म्हणजे सुपर बिल्टअप वॉट. त्यात जिना, लिफ्टची खोली, गच्चीवरची टाकी आणि बिल्डरची उमेद सगळं धरलेलं असतं. राहायला मिळते ती कार्पेट, म्हणजे सतत मिळणारे खरे वॉट, आरएमएस. घरांसाठी २०१७ पासून महारेरा आलं. वॉटला अजून रेरा नाही.

आणि वॉट खरे असले तरी ते स्पीकर खातो किती याचा हिशेब, देतो किती याचा नव्हे. देण्याचा आकडा वेगळा असतो: एक वॉट दिला, एक मीटरवर उभं राहिलं, तर किती डेसिबल. ९८ डेसिबलवाला स्पीकर पन्नास वॉटमध्ये जेवढा ओरडतो तेवढं ओरडायला ८८वाल्याला पाचशे लागतात. ९२ डेसिबलचा स्पीकर मिळालेल्या विजेतली जेमतेम एक टक्का आवाजात बदलतो. उरलेल्या नव्याण्णव टक्क्यांनी तांब्याची तार तापते. मिरवणुकीत ट्रकवर जनरेटर धडधडत असतो, डिझेल जळत असतं, मुलं नाचत असतात, आणि हा सगळा खटाटोप मुख्यतः तार तापवण्यासाठी चालू आहे, हे नाचणाऱ्यांना न सांगितलेलंच बरं.

तार तापली की तिचा रोध वाढतो. तापमान दोनशे अंशांनी चढलं तर ५.८ ओहमची कॉइल १० ओहमच्या पुढे जाते. मग तोच अँप्लिफायर तिच्यात कमी वीज घालू शकतो, आवाज बसतो, ऑपरेटरला वाटतं माल दमला, तो बटण आणखी पिळतो, तार आणखी तापते, आणि शेवटी भोंग्यातून करपल्याचा वास येतो. आठाचे सहा भरले म्हणून भांडलेल्या आमच्या गृहस्थांना विसर्जनाच्या रात्री दहा ओहम मिळत होते. नेमका तेव्हा मल्टिमीटर घरी राहिलेला होता.

पण ताकदवान मोटरचं खरं काम ढकलण्यात नाही, थांबवण्यात आहे, आणि ते दिसत नसल्यामुळे कुणी विचारत नाही. कोन हलत असताना कॉइल चुंबकात पुढे-मागे सरकते आणि स्वतःच वीज तयार करते. ती वीज अँप्लिफायरमधून फिरून परत कॉइललाच आडवी येते, ब्रेक लागतो. हा ब्रेक किती जोराचा, हे वरच्याच भागाकारावर ठरतं. ढकलण्याचा आणि आवरण्याचा आकडा एकच. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. मोकळा स्पीकर घ्या, कोनावर बोटाने हलकी टिचकी मारा. 'धुम्म' असा लांबट आवाज येईल. आता त्याची दोन टोकं एका तारेने जोडा आणि पुन्हा टिचकी मारा. मोटर जोरदार असेल तर 'ठप्'. कोन जागीच आवरतो. मी हा प्रयोग दुकानात करायला गेलो तर दुकानदार काउंटरवरून जवळजवळ उडी मारून आला, "साहेब, शॉर्ट करू नका, घरदार जळेल!" ज्या स्पीकरला वीजच जोडलेली नाही त्याने घरदार कसं जळणार, हे त्याला पटवण्यात वीस मिनिटं गेली. तेवढ्यात त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला दोन जोड्या विकल्या, उचलायला देऊन.

तर अशा आवरणाऱ्या स्पीकरवर तबला ऐकला की डग्ग्यावरचा घुमारा बोटांनी सुरू होतो आणि बोटांनीच संपतो. कमजोर मोटरवर डग्गा वाजून संपला तरी कोन आपला डुलतच राहतो. हे वाईट, असं पुस्तकात लिहिलंय. उपनगरांत मात्र याच डुलण्याला 'बेस आहे' म्हणतात. आम्ही एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये दोन स्पीकर शेजारी ठेवून वाजवले. एक चोख आवरणारा, एक सैल. सगळ्यांनी हात वर केले ते सैलासाठी. एक काकू म्हणाल्या, "तो दुसरा चांगला आहे, पण लगेच गप्प बसतो." इथे लगेच गप्प बसणं हा गुण कुणातच धरत नाहीत, तर स्पीकरमध्ये कसा धरतील? तसं त्यांचं अगदी चूकही नाही. फार जबर मोटर लहान पेटीत बसवली तर खालचा बेस खरोखरच लवकर उतरतो. मोटर, कोनाचं वजन, पेटीचं आकारमान यांची सोयरीक जमावी लागते. ती जमवण्याचं गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात वाढवलं. तेव्हापासून चांगल्या कंपन्या स्पीकरसोबत त्या आकड्यांचा कागद देतात. आमच्याकडे तो कागद स्पीकर ओला होऊ नये म्हणून त्याच्याखाली घालतात.

मोजणी करायला शांतता लागते, हा आणखी एक अडथळा. घाटकोपरला एका हौशी मित्राने मापाचा माईक आणून गच्चीवर मांडामांड केली. खालच्या सुरांपासून वरच्या सुरांपर्यंत शिट्टी चढत नेली की आलेख निघतो. त्याचा आलेख दर दोन-तीन मिनिटांनी एका विशिष्ट जागी गुबगुबीत व्हायचा. तो स्पीकरचा गुण नव्हता, विमानतळाकडे उतरणारं विमान होतं. मध्यरात्री दीडला पुन्हा बसला तेव्हा विमानं कमी होती, पण मग शिट्टी ऐकून वॉचमन वर आला.

मराठी माणसाकडे मोजमापाचं एक घरगुती उपकरण मात्र जुनं आणि खात्रीचं आहे. मुलुंडला कालिदास नाट्यमंदिर, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह. पडदा वर जातो, नट पहिलं वाक्य बोलतो आणि बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतून हाक येते, "आवाऽज!" या हाकेला परवाना लागत नाही, बॅटरी लागत नाही, आणि ती दीड सेकंदात निकाल देते. माईकविना ही हाक पहिल्या रांगेपर्यंत पोचते, म्हणजे त्या सभागृहात ध्वनी कसा पोचवावा हे नटापेक्षा प्रेक्षकाला जास्त कळतं, असंच म्हणावं लागेल.

याच्या उलट रेल्वे स्टेशन. बोलणं किती कळतं हे मोजायला शास्त्रात शून्य ते एक असा निर्देशांक आहे. साधारण अर्ध्याच्या वर असलं की बोलणं कळतं. अंधेरीला संध्याकाळी साडेसहाला तो किती भरेल, याचा अंदाज मी करत नाही. रोजची 'बोरिवलीला जाणारी जलद गाडी' सगळ्यांना कळते, कारण ती न ऐकताही कळलेली असते. नेमकं ज्या दिवशी फलाट बदलतो त्या दिवशी भोंग्यातून काहीतरी घरंगळतं, पहिला माणूस धावतो, त्याच्यामागे दुसरा, मग दोनशे. पहिल्याने काय ऐकलं हे कुणी विचारत नाही. त्याला लघवीला लागलेली असण्याचीही शक्यता असते.

सरकार मात्र मोजतं. ध्वनी प्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा बंद. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. ५५ म्हणजे किती, तर दोन माणसांचं साधं बोलणं साठाच्या आसपास जातं. आमची सर्वसाधारण सभा कुठल्याही स्पीकरविना हा नियम पहिल्या मुद्द्यावरच मोडते. गणपतीत तर आवाज फाउंडेशनच्या सुमैरा अब्दुलाली वर्षानुवर्षं मीटर घेऊन फिरल्या आहेत आणि त्यांना शंभराच्या वरचे आकडे मिळत आले आहेत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. या हिशेबाने मिरवणुकीत एक मीटरवर १२० डेसिबल असतील, तर ते ५५ वर यायला पावणेदोन किलोमीटर जावं लागतं. म्हणजे मुलुंड स्टेशनाशी वाजवलं तर कायदा नाहूर स्टेशनाच्या अलीकडे कुठेतरी पाळला जातो. मधल्या इमारती हिशेबात नाहीत. त्या आवाज अडवतात थोडा आणि एकमेकींकडे फेकतात जास्त.

जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या रहिवाशांच्या एका याचिकेवर निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने सुचवलं की ध्वनिवर्धकातच डेसिबलची मर्यादा बसवता येईल का, हे सरकारने पाहावं. आमच्या मंडळात ही बातमी वाचून चिंता पसरली. "म्हणजे बटण फिरवलं तरी वाढणार नाही? मग बटण कशाला ठेवायचं?"

यंदा सोसायटीने स्पीकरसाठी रीतसर तीन कोटेशनं मागवली. मी हट्ट धरला की आलेख जोडलेला हवा. एकाने '२० ते २०,००० हर्ट्झ' एवढंच लिहून पाठवलं. त्या टोकांना आवाज किती पडतो हे लिहिलं नाही तर हा आकडा माझ्या आवाजालाही लागू होतो. दुसऱ्याने खरा मोजलेला आलेख पाठवला, करवतीसारखा दातेरी. तिसऱ्याने कुणा चित्रकाराकडून काढून घेतलेली सरळ निळी रेघ. सभेत तिन्ही कागद फिरले. शेअर बाजारातले एक सभासद दातेरी आलेख लांब धरून म्हणाले, "हा फार व्होलाटाइल आहे. यात पडू नका." निळी रेघ सगळ्यांना आवडली. मी उभा राहून सांगितलं की उभ्या अक्षावर एका घराला दहा डेसिबल धरून रेघ गुळगुळीत केली तर माझ्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरचाही आलेख सरळ येईल. मल्टिमीटरवाले गृहस्थ म्हणाले, "आधी ओहम किती भरतात ते बघा."

शेवटी दातेरीवाल्याचाच स्पीकर आला. आलेखामुळे नव्हे, त्याने कॉर्डलेस माईक फुकट दिला म्हणून. मोटर उत्तम आहे, टिचकी मारली की 'ठप्' होते, मी मारून बघितली. गणपती झाले, नवरात्र झालं. आता तो वर्षभर गेटजवळच्या खोलीत असतो आणि ४५ हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरणाऱ्या त्या स्पीकरवरून सेक्रेटरी रोज सकाळी माईकमध्ये दोनदा फुंकर मारून जाहीर करतात, "हॅलो, हॅलो. एमएच झिरो तीन, पांढरी स्विफ्ट, ज्यांची कुणाची असेल त्यांनी टँकरच्या आधी काढून घ्यावी."